उजवा पाय, डावा बैल

माझा धाकटा चुलतभाऊ लढाईच्या काळात विमान चालवायला का जाऊ शकला नाही, हे रनाळ्यात कुणालाही विचारा. एकच उत्तर मिळेल : साहेबाचं यंत्र बिघडलेलं होतं. भावाने ही गोष्ट इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितली आहे की त्या यंत्राची घरघर आता गावातली पोरंही तोंडाने काढून दाखवतात. ती घरघर ऐकली की मी चष्मा पुसायला घेतो.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. ठणठणीत होतं. हे मला तेव्हापासून माहीत आहे आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं नाही म्हणून तसं काही कुणाचं अडलंही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. आता मात्र अडलं आहे. भावाच्या नातीला विमान चालवायला शिकायचं आहे. शिक्षण आहे, डोळे चांगले आहेत, बापाची ना नाही. फक्त आजोबा हटून बसले आहेत. "त्या लोकेसनं यंत्र खोटं बोलस, पोरी," एवढंच म्हणतात आणि कूस बदलतात. पोरगी माझ्याकडे आली. म्हणाली, "मोठे आजोबा, तुम्हीच त्यांना विमान शिकवलं होतं ना? मग तुम्हीच समजवा."

मीच शिकवलं होतं. तिथेच सगळी गोम आहे.

तेव्हा मी नंदुरबारला शाळेत शास्त्र शिकवत होतो. घराण्यात मॅट्रिक झालेला मी एकटाच, त्यामुळे घरात माझं मत पावसापासून जुलाबापर्यंत सगळ्या बाबतींत घेतलं जाई. विमान मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा खालून. पण जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मला नवशिक्या वैमानिकांसाठी लिहिलेलं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. ते मी वाचलं आणि मला विमान येतं असं मला वाटायला लागलं. त्याच सुमारास विमानदलात पोरं घेणार असल्याची बातमी आली. भाऊ विशीतला, काटक, बोरीच्या काट्यासारख्या तीक्ष्ण नजरेचा. लांबच्या बांधावर ससा बसला तर तो त्याचा कान हलल्याचं सांगायचा. तो म्हणाला, "नाना, मले शिकाड." मी म्हणालो, "शिकाडस."

सुरुवात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर झाली. चैत्राची दुपार, पश्चिमेचा वारा. मी भावाच्या हातात काकूचं सूप दिलं आणि ते वाऱ्यासमोर सपाट धरायला सांगितलं.

"काय वाटस?"

"काहीच नही."

"आते पुढली कड जराशी वर कर."

त्याने केली. सूप हातात हलकं झालं आणि वर ओढ घ्यायला लागलं. भावाचे डोळे चमकले. मी त्याला सांगितलं की पंख म्हणजे दुसरं काही नाही. तो थोडा तिरका धरला की समोरून येणारी हवा खाली वळवतो, आणि हवा खाली गेली की पंख वर जातो. विमानाचं वजन खाली ओढतं, पंख वर उचलतो. इंजिन पुढे ओढतं, हवा मागे अडवते. या चार ओढींचा मेळ बसला की विमान सरळ चालतं.

"चार भाऊसनी वाटणीसारखं," भाऊ म्हणाला.

"हां. पण यांचं जमस."

मग मी त्याला सूप आणखी तिरकं करायला सांगितलं, आणखी, आणखी. एका टप्प्यावर सुपाने वर ओढणं सोडलं आणि थडथडून मागे ढकलायला सुरुवात केली. "आता पंखाची हवेवरची पकड सुटली," मी म्हणालो. "नाक फार वर केलं की असं होतं. मग विमान पडतं. अशा वेळी हातातली दांडी पुढे ढकलायची, नाक खाली करायचं, वेग घ्यायचा, पकड परत येते."

भावाने माझ्याकडे पाहिलं. "मी पडी ऱ्हायनू, आनि आखो खाले ढकलू?"

"हो."

"नाना, हाई कोन्ही लिखेल शे? त्यानी पडीसन दखेल शे का?"

मी उत्तर देईपर्यंत सूप त्याच्या हातून सुटलं आणि खाली अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर जाऊन पडलं. काकूने धाब्याकडे बघून जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही.

विमानाचं वजन कुठे असावं हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. पुस्तकात त्यावर लांबलचक प्रकरण होतं. ते मी वाचून दाखवत असताना भाऊ मध्येच म्हणाला, "म्हंजे गाडी उलाळ व्हाले नको." कापसाची गाडी भरताना मागे जास्त माल पडला की धुरा वर उचलते, बैलांच्या माना जुवात लटकतात, त्याला आम्ही गाडी उलाळ झाली म्हणतो. विमानाचंही तसंच. शेपटीकडे जड झालं की नाक आपोआप वर जातं आणि पकड सुटते. मी ते प्रकरण मिटलं आणि पुढे गेलो.

पुढे होती पायदांडी. इथे मी घसरलो.

विमानात चालवणाऱ्याच्या पायाशी एक आडवी दांडी असते, मध्यावर खिळलेली. उजवा पाय पुढे रेटला की विमानाचं नाक उजवीकडे वळतं, डावा रेटला की डावीकडे. हातातल्या दांडीने पंख कलतात आणि नाक वर-खाली होतं. हात आणि पाय एकत्र चालले पाहिजेत. पुस्तकात हे ठळक अक्षरात होतं, आणि हे नुसतं ऐकून येत नाही, सराव करावा लागतो, असंही होतं. मला वाटलं, सराव आपणही देऊ शकतो. काकाचा छकडा होता, काकाचे बैल होते.

मी छकड्याच्या फळीवर एक दांडी मध्यावर खिळ्याने बसवली. डाव्या बैलाचा कासरा दांडीच्या डाव्या टोकाला बांधला, उजव्याचा उजव्या टोकाला. डावं डाव्याला, उजवं उजव्याला, यात चुकण्यासारखं काय आहे? भावाच्या गुडघ्यांमध्ये काकूचं मुसळ उभं केलं, ती हाताची दांडी. मुसळाचा बैलांशी काही संबंध नव्हता. भाऊ मुसळ मागे ओढायचा तेव्हा मी छकड्याच्या मागे धावत ओरडायचो, "चढी ऱ्हायना! चढी ऱ्हायना! नाक खाले!" उत्तरेला सातपुड्याची रेघ दिसते, ती आमची क्षितिजरेषा. बैलांची शिंगं त्या रेघेला लागून राहिली पाहिजेत, असा नियम.

पहिल्या दिवशी काका खळ्यावर उभे राहून बघत होते. काका म्हणजे भावाचे वडील. फार बोलायचे नाहीत, पण त्यांच्या हातात बैल टोचायची काठी, पराणी, असायची.

"हाई काय करी ऱ्हायनात?"

"विमान, काका."

"बैल वढतस का इमानले?"

"नाही काका, हा फक्त सराव."

काकांनी पराणी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "मन्हा बैलसले काही व्हयनं ना, तर तुले जुपसू."

बैलांना काही झालं नाही. भाऊ पहिल्या आठवड्यात दोनदा कुंपणात गेला, एकदा दुसऱ्याच्या तुराट्यांच्या ढिगात. नंतर त्याचे पाय बसले. पावसाळ्यापर्यंत तो असा तयार झाला की मी दूर उभा राहून "उजवं!" ओरडलो की तोंडातून शब्द सुटायच्या आत छकडा वळलेला असायचा. हात लावत नसे, नुसत्या पायांनी दोन झाडांमधून आठाचा आकडा काढायचा. लोक बघायला जमायचे. माझ्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा येऊन माझी पाठ थोपटून गेले.

आता शांतपणे विचार करा. आडवी दांडी मध्यावर खिळलेली आहे. उजवा पाय पुढे रेटला की उजवं टोक पुढे जातं आणि डावं टोक मागे येतं. बैल पुढे आहेत. उजव्या बैलाचा कासरा सैल पडतो, डाव्याचा ताणला जातो, आणि छकडा डावीकडे वळतो. विमानात असं होत नाही, कारण विमानाचं सुकाणू शेपटीला असतं आणि दांडीच्या दोऱ्या मागे जातात. आमच्या दोऱ्या पुढे जात होत्या. मी संबंध उन्हाळाभर माझ्या भावाला उजवीकडे जायला डावा पाय रेटायला शिकवलं, आणि तो ते इतकं मनापासून शिकला की ते त्याच्या हाडात गेलं.

हे मला तेव्हा दिसलं नाही. छकडा उजवीकडे वळतोय एवढंच मी बघत होतो. पाय कुठला रेटला जातोय हे मागून धावणाऱ्याला कुठून दिसणार?

परीक्षेला मी त्याच्यासोबत गेलो. नंदुरबारहून गाडी, सुरतेला बदल, पुढे रात्रभर. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसलो. डोळे तपासले. तपासणारा डॉक्टर बाहेर येऊन दुसऱ्याला म्हणाला की असे डोळे फार दिवसांत पाहिले नाहीत. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तोंडी प्रश्न झाले. पंखाची पकड सुटल्यावर काय कराल, या प्रश्नाला भावाने दुभाष्यामार्फत सूप आणि पापडांसकट उत्तर दिलं आणि आतून हसण्याचा आवाज आला. चांगलं हसणं होतं ते. मी बाकावर ताठ बसलो.

मग यंत्र. खोलीत एक खुर्ची, पायाशी दांडी, हाताशी दांडी, समोर काचेवर उजेडाचा ठिपका. ठिपका इकडेतिकडे सरकतो, त्याला हातापायाने मध्ये आणून ठेवायचा.

भाऊ बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता.

"नाना, तो ठिपका येडा शे. मी त्याले डावाकडे बलाऊ, तो उजवाकडे पये. मी आखो जोर लाऊ, तो आखो पये. मुसळ ठीक चालनं. पायसले काय व्हयनं, समजत नही."

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या डोळ्यांसमोर छकडा आला, छकड्याच्या पुढे बैल, आणि त्या दोऱ्या. बाकावर बसल्या बसल्या मला सगळं समजलं. आतला साहेब दारात येऊन माझ्याशी दोन शब्द बोलून गेला. तो म्हणाला की मुलगा हुशार आहे, पण पायांना कुणीतरी उलटं वळण पक्कं लावलं आहे, ते मोडून पुन्हा सहा महिन्यांनी यावं. मी मान डोलावली. भावाला इंग्रजी कळत नव्हतं.

परतीच्या गाडीत भाऊ स्वतःच्या पायांकडे बघत बसला होता. मी खिडकीबाहेर. नवापूरला गाडी थांबली, इंजिनाने पाणी घेतलं. तेव्हा त्याने विचारलं, "साहेब तुले काय सांगे, नाना?"

पुढच्या काही तासांत रनाळ्यात उतरायचं होतं. काका पराणी घेऊन उभे असणार. मुख्याध्यापक असणार. मी म्हणालो, "तुझ्या डोळ्यांत बारीकसा दोष आहे. उजवं-डावं उलटं दिसतं तुला. घरकामाला काही अडत नाही. विमानालाच आड येतं."

तोंडातून निघेपर्यंत मला ठाऊक नव्हतं मी काय बोलणार आहे. आणि भावाने एका क्षणाचीही शंका घेतली नाही. मी मॅट्रिक होतो.

इथून पुढे जे झालं ते आठवून मला अजून हसू येतं आणि मग हसल्याची लाज वाटते. काकूने त्याच्या डोळ्यांत मध घातला, शेळीचं दूध घातलं, पहाटे दवातून अनवाणी चालवलं. त्यावर मात्र भावाचा स्वतःचा उपाय वेगळाच होता. डोळे उलटं दाखवतात ना? मग आपण ते डोक्यात सुलटं करून घ्यायचं. गाय डावीकडे दिसली की तो ठरवायचा, म्हणजे ती उजवीकडे आहे. अशाने तो रोजच्या वाटांवर ठीक असे, कारण तिथे पायच वाट ओळखतात, पण नव्या जागी गेला की थेट धडकायचा. धडकला की आनंदाने म्हणायचा, "दखा, नाना खरं सांगे! उलटंच दिखस!" ताटात मिठासाठी चटणीत हात घालायचा. तोंड मध्यावर असतं म्हणून घास तेवढा तोंडात जायचा.

अशा स्थितीत त्याचं लग्न निघालं.

सारंगखेड्याच्या जत्रेत त्याने एक मुलगी पाहिली होती आणि तीच पाहिजे म्हणून तो अडून बसला होता. तापीकाठच्या एका गावची. तिच्या वडिलांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या कानावर डोळ्यांचं गेलेलंच होतं. जेवणं झाल्यावर ते भावाला म्हणाले, "जावईबोवा, मन्ही गाडी हाका. नदीमाच्या टरबूजना वाड्या दखू."

मी अंगणातून बघत होतो. मुलगी दारात उभी. भाऊ पुढे बसला, कासरे हातात, मागे तिचे वडील शुभ्र धोतरात. वाड्यांच्या वाटेला दोन फाटे होते. उजवीकडे वाळूची पक्की वाट. डावीकडे म्हशींची डबकी.

"उजवाकडे," वडील म्हणाले.

भावाला वाट उजवीकडे दिसली. म्हणून, तुम्हाला समजलंच असेल, त्याने डावा कासरा ओढला.

"अहो उजवाकडे! उजवाकडे!"

"हां, हां, तथाच जाई ऱ्हायनू!" म्हणत भावाने आणखी जोर लावला.

गाडी डबक्यात शिरली, एक चाक रुतलं, आणि वडील सावकाश, बसल्या स्थितीतच, म्हशींमध्ये उतरले. एका म्हशीने त्यांच्याकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा दिली.

दारातली मुलगी पदर तोंडात कोंबून हसत होती. वडील हसत नव्हते. चिखलातून उठून ते काकांना म्हणाले, "राम राम पाव्हना. आंधया पोरग्याले मी पोर देवाव नही."

भावाने खाली मान घातली. त्याचा चेहरा मी तोपर्यंत कधी तसा पाहिला नव्हता, परीक्षेच्या दिवशीसुद्धा नाही. मला खरं बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काकांची पराणी दिसली आणि तोंडातून निघालं ते असं : "थांबा. त्याचे डोळे चांगले आहेत. परीक्षेच्या ठिकाणचा एक माणूस मला नंदुरबारला भेटला होता. साहेबाचं यंत्र बिघडलेलं निघालं. मी आजच सांगणार होतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. भावाने मान वर केली. "नाना, खरंच?"

"खरंच."

तो वळला आणि नदीपलीकडे बोट केलं. "त्या काठवर तीन बगळा शेतस."

वडिलांनी चिखलाचा हात कपाळावर धरून पाहिलं. "दोन शेतस."

"तीन शेतस, आबा," दारातून मुलगी म्हणाली. "एक मान खाले घाली बसेल शे."

तिसऱ्याने तेव्हाच मान वर काढली. लग्न ठरलं.

इतपत असतं तरी मी हे सगळं गमतीवारी नेलं असतं. पण घरी येताना, गाडीत, अंधार पडायच्या सुमारास भाऊ मला हळूच म्हणाला, "मंग नाना, मी आखो परीक्षाले जाऊ का? आते यंत्र नीट करेल व्हई."

साहेबाने सहा महिन्यांनी यायला सांगितलं होतं. दोन दोऱ्या फक्त उलट बांधायच्या होत्या. पण दोऱ्या उलट बांधल्या असत्या तर आधी कशा बांधल्या होत्या हे साऱ्या गावाला दिसलं असतं. मी म्हणालो, "भरती बंद झाली."

बंद झाली नव्हती.

"जाऊ दे," तो म्हणाला, "साहेबसनं नशीब," आणि बैलांना हाक दिली.

आता आजची गोष्ट. मी भावाच्या घरी गेलो. तो बाजेवर बसला होता, पलीकडे नात रागाने भांडी घासत होती. मी बाजेच्या गाताला, म्हणजे कडेच्या लाकडाला, एक आडवी दांडी मध्यावर सैल बांधली, तिच्या टोकांना दोन दोऱ्या बांधल्या, नातीला सांगितलं की पुढे पाठमोरी उभी राहा, तू बैल. डावी दोरी तिच्या डाव्या हातात दिली, उजवी उजव्या. भावाला म्हणालो, उजवा पाय रेट.

त्याने रेटला. नातीचा डावा हात मागे ओढला गेला.

मी सगळं सांगितलं. सुपापासून बगळ्यांपर्यंत, भरतीपर्यंत. थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी तिसरंच बोललो असतो. भाऊ दांडीकडे बघत होता. पाय पुन्हा रेटला. पुन्हा. नातीचे हात पुढेमागे होत राहिले.

मग त्याने विचारलं, "म्हंजे मी ठिपकाले दर वखत उलटाच पयाडे? एकदा बी चुकनू नही?"

"एकदाही नाही. साहेबच म्हणाला, वळण पक्कं आहे."

तो गालातल्या गालात हसला. ते हसू फार टिकलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते मनगटाने पुसलं. मग माझ्याकडे न बघता नातीला म्हणाला, "दोऱ्या फुली करीसन बांध."

तिने डाव्या हातातली दोरी उजव्या हातात घेतली, उजव्यातली डाव्यात. त्याने उजवा पाय रेटला. नातीचा उजवा हात मागे आला.

"इतलंच व्हतं," तो म्हणाला. "इतलंच व्हतं ना, नाना?"

"इतलंच."

पोरगी पुढच्या आठवड्यात परीक्षेला जाते आहे. भाऊ स्वतः स्टेशनवर सोडायला जाणार आहे. माझ्याशी तो अजून नीट बोलत नाही, आणि ते योग्यच आहे. हे सगळं लिहून काढायला मात्र त्यानेच सांगितलं आहे, आणि अट घातली आहे की बैलांना दोष द्यायचा नाही. बैल सांगितलं तिकडेच वळत होते.